ऐंशीच्या वरचं माप

पप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आमच्या विश्रांतवाडीच्या घरी उपकारस्तुतीची सभा झाली. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही पद्धत आहे. वाढदिवस असो, नवं घर असो, मुलगी पास झालेली असो, कुणी दुखण्यातून उठलेलं असो, पाळकसाहेबांना बोलवायचं, दोन गीतं म्हणायची, शास्त्रातला एक भाग वाचायचा, देवाचे आभार मानायचे आणि मग केक, चिवडा, चहा. प्रार्थना लांबली की चहा गार होतो हे सगळ्यांना माहीत असतं. तरी प्रार्थना लांबतेच.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी नव्वदावं स्तोत्र काढलं. साठीच्या पुढच्या कुणाचाही वाढदिवस असला की हेच निघतं. त्यात म्हटलंय की माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं, आणि अंगात ताकद असली तर ऐंशी. आमचे पाळक तरुण आहेत, आवाज गोड आहे. त्यांनी तेवढंच वचन वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "काकांना प्रभूनं पूर्ण माप दिलं. सत्तर तर दिलीच, वर ताकदीची दहाही दिली."

मग जो तो पप्पांचा हात हातात घेऊन तेच म्हणायला लागला. "सलाम काका, भरलं हो माप." "काका, शास्त्रातली शेवटची हद्द गाठलीत." एका बाईंनी केक आणला होता, त्यावर ऐंशीच्या आकड्याखाली क्रीमनं त्या वचनाचा क्रमांक घातला होता. यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. आमच्यात असं म्हणतातच. पण चाळीस माणसांनी एकापाठोपाठ एक येऊन सांगितलं की तुमचं भरलं, तर ऐकणाऱ्याला ते अभिनंदन वाटेल की नोटीस, याचा विचार एकानंही केला नाही. मीही केला नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात केटररशी भांडत होते. त्याचे कप सांगितल्यापेक्षा लहान निघाले होते.

पप्पांसारख्या माणसाला तर हे मुळीच सांगायला नको होतं.

पप्पा खडकीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या हातात आयुष्यभर लोखंडी गेज होतं, दोन टोकांचं. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. जायचं ते गेलं नाही तर माल नापास, जाऊ नये ते गेलं तरी नापास. तिथं 'साधारण' नाही, 'चालवून घ्या' नाही. साहेबांनी डोळे वटारले तरी पप्पा केसाएवढ्या फरकासाठी अख्खी पेटी परत पाठवायचे. घरीही तसंच. चहात साखरेचा चमचा सपाट हवा. शीग दिसली की चाकूनं खाली सारायची.

आणि मी त्यांची मुलगी, माझा सगळा संसार 'बघा काहीतरी'वर उभा आहे. मार्केट यार्डात माझा फळांचा गाळा आहे. सीताफळ असतं, पण खरा धंदा अंजिराचा, सासवडकडच्या. लग्न मोडून मी तिशीत पप्पांकडे परत आले तेव्हा माझ्या हातात एक बॅग होती. पप्पांनी काही विचारलं नाही. कपाटाचे दोन खण रिकामे करून दिले आणि म्हणाले, "खालच्या खणाला कुलूप नाही. उद्या बसवतो." दुसऱ्या दिवशी बसवलंसुद्धा. सुरुवातीची वर्षं मी एसटीनं सासवडहून दोन पाट्या आणून कॅम्पात फूटपाथवर बसून विकल्या. आता बागायतदार मला फोन करतात. या धंद्यात मला बाई म्हणून कुणी काही सोडलेलं नाही, आणि मीही कुणाला सोडलेलं नाही. अंजीर पहाटे आलं की दुपारपर्यंत विकावंच लागतं. संध्याकाळी ते भाव करायच्या लायकीचं राहत नाही. म्हणून मला थांबायची सवय नाही. आवाज मोठा आहे, राग लवकर येतो, आणि समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी कधी मान्य करत नाही.

एकदा करावा लागला होता. माझी आई एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता फार काही करता येणार नाही. मी म्हटलं, मुंबईला नेऊ, तिथं मोठे डॉक्टर आहेत. पप्पा म्हणाले, नको. त्यांनी आईला घरी आणलं, आणि ती घरातच गेली. दफनाच्या वेळी तेव्हाचे पाळक म्हणाले की माळी बागेतलं सगळ्यांत सुंदर फूल आधी तोडतो. मी मागच्या बाकावर बसून दात आवळत होते. मला पहिल्यापासून ते नव्वदावं स्तोत्र माहीत होतं. कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला ऐकलेलं. सत्तर लिहिलंय ना? मग एकोणपन्नास कसली दिलीत? एकवीस कुठं आहेत? बाजारात कुणी असं माप घातलं असतं तर मी त्याचा काटा उचलून रस्त्यावर ठेवला असता. इथं काटा कुणाचा आणि जाब कुणाला विचारायचा हेच कळत नव्हतं, म्हणून मी पप्पांना विचारला. तेव्हापासून घरात आईचा विषय निघाला की तो दोन वाक्यांत मुंबईवर यायचा आणि तिसऱ्या वाक्याला मी दार आपटायचे. हळूहळू विषय निघायचाच बंद झाला. मी चर्चला जाणंही नाताळ आणि ईस्टरपुरतं ठेवलं.

असो. वाढदिवस झाला आणि पप्पांनी आवराआवर सुरू केली. शेजाऱ्यांची शिडी परत केली. ती आमच्याकडे इतकी वर्षं होती की ती आपली नाही हे शेजारीही विसरले होते. काळा सूट धुवायला टाकला. बुटांना नवे तळ लावून आणले.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठं नाही. आवरतोय."

मला वाटलं, उपासकाळ आहे, ईस्टर येतोय, साफसफाई चालली असेल. मग एका रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या गीताला उभं राहताना पप्पा खाली कोसळले. मला गाळ्यावर फोन आला. मी पोचेपर्यंत ते दवाखान्यात पलंगावर बसून नर्सला सांगत होते की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे.

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागदाची पट्टी दाखवून समजावलं की पप्पांच्या हृदयाचे ठोके मधेमधे फार मंद पडतात, मिनिटाला तीसपर्यंत उतरतात, म्हणून चक्कर येते. "काका, पेसमेकर बसवायला लागेल. छोटं ऑपरेशन आहे. इथं खांद्याखाली एक डबी बसवायची. दोन-तीन दिवसांत घरी."

"ती डबी किती चालते?" पप्पांनी विचारलं.

"दहा वर्षं तरी. मग बॅटरी बदलायची."

"म्हणजे माझ्यापेक्षा तिचंच आयुष्य जास्त," पप्पा म्हणाले. "नको. धन्यवाद."

"का हो?"

"माझं माप झालंय. मी वरचं घेत नाही."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमच्या शास्त्रात आहे तसं. सत्तर, फार तर ऐंशी. पण त्याचा अर्थ असा नाही."

"मग कसा आहे?" त्यांनी विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं.

मला उत्तर आलं नाही. बाजारात कुणी विचारलेल्या प्रश्नाला मला उत्तर आलं नाही असं होत नाही. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "फार थांबू नका. पुढची चक्कर कुठं येईल आणि त्यातून ते उठतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

घरी आणल्यावर पहिला फोन मी पाळकसाहेबांना केला.

"तुम्ही त्या दिवशी जे वचन वाचलंत ना," मी म्हटलं, "ते परत घ्या."

"ताई, वचन कसं परत घेणार?"

"माझा माल नासका निघाला तर मी परत घेते. तुम्ही का नाही?"

ते हसले. मग मी काय झालंय ते सांगितलं, तसे हसायचे थांबले आणि तासाभरात स्कूटरवरून आले. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला होता. आल्या आल्या पप्पांच्या समोर बसले आणि म्हणाले, "काका, यहूदाच्या त्या राजाची गोष्ट आठवा. मरणाला टेकला होता. भिंतीकडे तोंड करून रडला, तेव्हा देवानं त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि नुसती दिली नाहीत, तर संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला लावलं. म्हणजे देवानं आयुष्य दिलं तरी औषध लावावंच लागलं. ताईंच्याच धंद्यातलं औषध."

मला ही गोष्ट माहीतच नव्हती. इतकी वर्षं अंजीर विकतेय आणि बायबलात ते आयुष्य वाढवायला वापरलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला एकदम जोर आला. "बघा," मी म्हटलं, "राजानं पोटीस बांधून घेतलं. तुम्ही डबी बसवून घ्या."

पप्पांनी चष्मा काढला. "त्या वाढवलेल्या पंधरा वर्षांत राजानं काय केलं, पाळकसाहेब?"

पाळकसाहेब खाली बघायला लागले.

"मी सांगतो. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना घरातली सगळी तिजोरी उघडून दाखवली. पुढं त्यांचेच लोक येऊन ती घेऊन गेले. आणि त्याच पंधरा वर्षांत त्याला मुलगा झाला, तो सगळ्यांत दुष्ट राजा निघाला. वरचं माप घेतलं की असं होतं."

"तुम्हाला आता मुलगा होणार आहे का?" मी म्हटलं.

पाळकसाहेबांना ठसका लागला. पप्पा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

पुढचे तीन-चार दिवस आमच्या घरात जी घासाघीस झाली तशी मी मार्केटातही केलेली नाही. मी दुपारी गाळ्यावरून यायचे, हात धुवायचे आणि सुरू व्हायचे. पाळकसाहेब मला फोनवरून माल पुरवत होते.

मी म्हटलं, "शास्त्रात सुरुवातीच्या पिढ्यांतला तो एक जण तर नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला."

"ते जलप्रलयाच्या आधीचे लोक," पप्पा म्हणाले. "मग देव म्हणाला, एकशेवीस बस झाली. मग स्तोत्रात सत्तर आली."

"नऊशेवरून सत्तरवर आणलं आणि कुणी तोंड उघडलं नाही? सगळे तुमच्यासारखेच होते का?"

"तू नव्हतीस ना तिथं."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आईबापाचा मान राख म्हणजे तुझे दिवस वाढतील, अशी आज्ञा आहे. तुम्ही गेलात तर मी कुणाचा मान राखू? माझेही दिवस तुम्ही कमी करताय."

"मान राखणं म्हणजे मी सांगतो ते ऐकणं."

"मग राहू देत माझे कमी."

"काळजी करून कुणाचं आयुष्य हातभरही वाढत नाही, हे प्रभू येशूनं सांगितलंय. तू जेवून घे."

"काळजीनं वाढत नाही. डबीनं वाढतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे सगळ्यांत भारी माल आला. पाळकसाहेबांनी सांगितलं की ज्याच्या नावावर हे नव्वदावं स्तोत्र आहे, मिसर देशातून लोकांना सोडवून आणणारा तो पुढारी, तो स्वतः एकशेवीस वर्षांचा होऊन वारला, आणि तेव्हाही त्याची नजर मंदावली नव्हती. मी चपला न काढताच पप्पांच्या खोलीत गेले. "हद्द ऐंशीची सांगणारा स्वतः एकशेवीस जगला. तुमच्या गेजमध्ये तो बसतो का?"

पप्पांनी चादरीची घडी सारखी केली. मला वाटलं, पडला भाव. मग ते म्हणाले, "त्याला काम होतं. लाखो लोकांना रानातून घेऊन जायचं होतं. ऐंशीव्या वर्षी तर त्याचं काम सुरू झालं. मला काय काम आहे? सकाळी दूध घ्यायचं आणि रात्री गेट लावायचं. एवढ्याला डबी कशाला?"

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते पेटीवर शिक्का मारावा तसं म्हटलं. आणि माझा तोल गेला. माझा आवाज गेटपर्यंत गेला असणार. मी म्हटलं, "आईच्या वेळीही हेच केलंत. डॉक्टर म्हणाले होणार नाही, तुम्ही म्हणालात बरं. भांडला नाहीत. एका शब्दानं भांडला नाहीत."

पप्पा उठले, हळूहळू भिंतीला धरून गॅलरीत गेले आणि खुर्चीत बसले. मी त्यांच्यामागं गेले नाही, पण आतून त्यांची पाठ दिसेल अशा जागी बसून राहिले, कारण ते पडतील अशी भीती वाटत होती. भांडताना अशी भीती वाटणं फार अडचणीचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर गेले नाही. भर हंगामात गेले नाही. पप्पा आंघोळीला गेले होते. दार लोटूनच घ्यायचं, कडी लावायची नाही, एवढं मात्र त्यांनी माझं ऐकलं होतं. मी त्यांचं मोठ्या अक्षरांचं बायबल घेतलं आणि ते स्तोत्र काढलं. खरं सांगायचं तर मी ते कधी पूर्ण वाचलंच नव्हतं. पाळक ज्या ओळीवर थांबतात तिथंच मीही इतकी वर्षं थांबले होते. दुकानाच्या पाटीवरचा भाव वाचावा, मनातल्या मनात शिव्या द्याव्यात आणि आत न जाता परत फिरावं, तसं.

सगळ्यांत वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही त्या पुढाऱ्याची, त्या देवमाणसाची प्रार्थना आहे. म्हणजे हा नियम नव्हता. एक थकलेला माणूस देवाशी बोलत होता. तुला हजार वर्षं म्हणजे कालचा दिवस, आणि आम्ही सकाळी उगवून संध्याकाळी सुकणारं गवत. मग ती सत्तर-ऐंशीची ओळ. तीही हद्द आखून देणारी नाही, कुरकुर करणारी: एवढीशी वर्षं, त्यातही कष्ट आणि दुःख, आणि ती भरकन उडून जातात. मग, आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, म्हणजे शहाणपण येईल. आणि मग, पाळक पुस्तक मिटतात त्याच्या चारपाच ओळी पुढं, तो माणूस देवाला विचारतो, अजून किती वेळ? आणि म्हणतो की जितके दिवस तू आम्हाला दुःख दिलंस, जितकी वर्षं आम्ही वाईट पाहिलं, तितकी आम्हाला आनंदाची दे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग मोठ्यानं वाचली. मला हे बोलणं ओळखीचं होतं. रोज सकाळी मी हेच करते. हा माणूस भाव सांगून गप्प बसला नव्हता. तो भरपाई मागत होता, तीही जितक्यास तितकी. आणि ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ही मागणी खोडली नव्हती, उलट प्रार्थना म्हणून जपून ठेवली होती.

पप्पा पंचा गुंडाळून, केस पुसत बाहेर आले. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मला ते स्तोत्र पाठ आहे."

"मग?"

"मग काय? त्यानं मागितलं. मी काय मागू?"

"तुम्ही नका मागू. मी मागते. एकवीस वर्षं. आईची राहिलेली. तुमच्या नावावर."

ते पलंगाच्या कडेला बसले. ओला पंचा तसाच होता. "एकशे एक?" ते म्हणाले. "मला चष्म्याशिवाय माझे पाय दिसत नाहीत आणि तू मला एकशे एकपर्यंत नेणार."

"ही पहिली बोली आहे. खाली येऊ आपण."

"तू देवाशी बोलतेयस की माझ्याशी?"

"जो आधी हो म्हणेल त्याच्याशी."

या वेळी ते हसले. मग हसू गेलं आणि ते खिडकीकडे बघत राहिले. मी टॉवेल आणून त्यांच्या खांद्यावर टाकला. तो अंगाभोवती ओढून घेत ते म्हणाले, "तुला वाटतं मला मरायची हौस आहे. तसं नाही. मला कुणाशी तरी तुझ्या आईबद्दल बोलायचंय. तिला ओळखणारे सगळे गेले. तिची बहीण होती, तीही परवा गेली. राहिलीस तू, आणि तुझ्यापुढं तिचं नाव काढलं की तू मला मुंबईला घेऊन जातेस. मला वाटलं, ऐंशी भरली, आता तिच्याचकडे जावं आणि तिच्याशीच बोलावं."

मी बायबल मिटून उशाशी ठेवलं.

"डबी बसवतो," पप्पा म्हणाले. "पण माझी एक अट आहे. मी तिच्याबद्दल बोलणार आणि तू ऐकणार. मधे मुंबई आणायची नाही."

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी कुणाला अट घातली नव्हती. भाजीवालीलाही नाही.

"आणि मुंबईचं काय?" मी विचारलं. "ते कधीच नाही बोलायचं?"

"बोलायचं. पण ते त्याच्या जागी येईल. सगळं क्रमानं. आधी आधीचं."

"महिन्यातून एकदा आणू?"

"नाही."

"नुसतं मनात?"

"मनातलं मला तपासता येत नाही," ते म्हणाले.

ही माझी अठ्ठावीस वर्षांची तक्रार होती. मी ती रोज घासूनपुसून ठेवलेली होती, आणि समोरचा माणूस म्हणत होता की ती खाली ठेव. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला गाळ्याच्या पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. मी हो म्हटलं. त्यांनी सांगितला त्याच भावाला.

ऑपरेशनला तासभरही लागला नाही. डॉक्टर बाईंनी विचारलं, "काका, शास्त्राचं काय झालं मग?" पप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हिनं पुढचं वाचलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी डबीचं माहितीपत्रक मागून घेतलं आणि तिची लांबी, रुंदी, जाडी नीट वाचली. त्यांच्या मते ती चांगल्या कारखान्यात बनलेली होती. पाळकसाहेब संत्री घेऊन आले. मी त्यांना म्हटलं की पुढच्या वेळी कुणाच्या वाढदिवसाला हे स्तोत्र काढाल तर शेवटपर्यंत वाचा, चहा गार झाला तरी चालेल. ते म्हणाले, "ताई, तुम्हीच येऊन वाचा." मी म्हटलं, बघते. अजून बघतेच आहे.

माझी तक्रार मी सोडलेली नाही. एकवीस वर्षं येणं आहे आणि ते मी माझ्यापुरतं धरून आहे. कधीतरी योग्य ठिकाणी विचारीन. पण संध्याकाळी मी घरी येते, पप्पा गॅलरीत खुर्ची ओढतात आणि सुरू करतात. तपासनीसाचं सांगणं ते. काही गाळायचं नाही. सुरुवातीचे कितीतरी दिवस तर ते आईला बघायला नगरला गेले त्या एका दुपारवरच होते. तिनं कोणत्या रंगाची साडी नेसली होती यावरून त्यांचं स्वतःशीच एकमत होईना. आई गाताना वरच्या पट्टीत घसरायची आणि तरी सगळ्यांत मोठ्यानं गायची, हे मला माहीत नव्हतं. परवा त्यांनी सांगितलं की लग्नानंतर आई भाजीला गेली की भाजीवाली सांगेल तेवढे पैसे द्यायची आणि वर विचारायची, "एवढ्यात तुला परवडतं ना गं?" मी तोंड उघडलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

कधीकधी ते मधेच थांबतात, म्हणतात, "नाही, त्याआधी एक राहिलं," आणि दोन महिने मागं जातात. बाजारात कुणी असं केलं तर मी निघून जाईन. इथं मी पाय वर घेऊन बसते. पुढं काय झालं असं मी त्यांना विचारत नाही, आणि भरभर सांगा असंही म्हणत नाही. मुंबईचा दिवस अजून फार लांब आहे. त्यांच्या लग्नाला आत्ता कुठं दुसरं वर्ष लागलंय. माझा जन्म व्हायचाय.